विश्लेषण : घरी जोडलेला गेमिंग पीसी मध्येच बंद का पडतो? दोष शोधायचा कसा?

गेम ऐन रंगात आलेला असतो आणि स्क्रीन काळी होते. निळी स्क्रीन येत नाही, एरर येत नाही, काही जळाल्याचा वासही येत नाही. दोन सेकंदांनी पंखे पुन्हा फिरू लागतात आणि काही झालंच नाही अशा थाटात संगणक नव्याने सुरू होतो. घरी सुटे भाग आणून गेमिंग पीसी जोडणाऱ्या अनेकांना हा अनुभव नवा नाही.

कर्जत तालुक्यातल्या कडावला आमच्या घरी हेच घडत होतं. धाकट्या भावाचे साठवलेले पैसे आणि माझ्या पगारातला वाटा असे मिळून ७२ हजार रुपये या संगणकात गेले होते. त्यावर गेम तर खेळायचे होतेच, पण भावाच्या थ्रीडी ॲनिमेशनच्या कोर्सचं कामही त्यावरच होणार होतं. रेंडर अर्ध्यावर असताना संगणक बंद पडला की चार-चार तासांचं काम वाया जायचं. ‘कंपनीचा घेतला असता तर निदान कुणाला तरी बोलावता आलं असतं,’ हे बाबांचं वाक्य आम्ही अडीच महिने ऐकलं. दोष सापडला तेव्हा कळलं की तो संगणकाच्या डब्यात शोधून सापडणारच नव्हता. असा दोष शोधायचा कसा आणि कोणत्या क्रमाने, ते समजून घेऊया.

असेंबल्ड पीसीचा दोष शोधणं एवढं अवघड का असतं?

तयार लॅपटॉप बिघडला तर कंपनी एक, बिल एक आणि सर्व्हिस सेंटरही एक. घरी जोडलेल्या संगणकात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय, कूलर आणि कॅबिनेट असे किमान आठ भाग असतात. प्रत्येकाची कंपनी वेगळी, वॉरंटी वेगळी. जोडणारे आपण स्वतः. त्यामुळे ‘माझ्या भागात दोष नाही’ असं आठही जण म्हणू शकतात.

दुसरी अडचण म्हणजे एकच लक्षण अनेक कारणांनी दिसतं. गेम मध्येच बंद पडण्यामागे खराब रॅम असू शकते, तापलेला प्रोसेसर असू शकतो, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर असू शकतो किंवा कमजोर पॉवर सप्लाय. नक्की कोण, हे ठरवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे एकेक भाग बदलून पाहणं. पण बदलायला दुसरा भाग घरात असतो कुठे? त्यात २०२५च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आहेत. ‘एक रॅम आणून लावून बघू’ हा सल्ला आता स्वस्त राहिलेला नाही.

तिसरी अडचण अंतराची. मुंबईत राहणारा माणूस संध्याकाळी लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, चक्कर मारून येऊ शकतो. कडावहून तेच करायचं तर रिक्षाने कर्जत, तिथून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग हातात कॅबिनेट घेऊन चालत दुकान. आम्ही ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं बांधलं आणि कॅबिनेट मालडब्यातून नेलं. दुकानात तीन तास सलग गेम चालवला. एकदाही बंद पडला नाही. ‘मशीन एकदम ओके आहे,’ असं सांगून दुकानदाराने पैसेही घेतले नाहीत. घरी आणल्यावर त्याच संध्याकाळी संगणक दोनदा बंद पडला.

तोपर्यंत आम्ही विंडोज तीनदा नव्याने टाकलं होतं, ड्रायव्हर बदलले होते, रॅमच्या पट्ट्या आळीपाळीने लावून पाहिल्या होत्या आणि कूलरची पेस्टही नव्याने लावली होती. एकाच दिवशी चार गोष्टी बदलायच्या आणि दोन दिवस संगणक चालला की ‘सुटलं’ म्हणायचं, असं चालू होतं. यातून शिकायला काहीच मिळत नाही, कारण चारांपैकी कशाने फरक पडला ते कळत नाही. मी इंजिनीअरिंग केलंय, पण हे कळायला दीड महिना गेला.

लक्षणं कशी वाचायची?

बिघाडाचा प्रकार नीट पाहिला तर निम्मं काम होतं. ढोबळ खुणा अशा :

• क्षणात पूर्ण बंद किंवा थेट रीस्टार्ट, निळी स्क्रीन नाही : आधी वीजपुरवठा आणि पॉवर सप्लाय तपासा, मग तापमान.
• निळी स्क्रीन, दर वेळी वेगळा कोड : रॅमवर संशय घ्या. मेमटेस्ट ८६ सारखी चाचणी रात्रभर चालवा. बायोसमध्ये रॅमचा वाढीव वेग चालू केला असेल तर तो बंद करून पाहा.
• स्क्रीनवर रंगीत ठिपके, रेघा, चौकोन : ग्राफिक्स कार्ड किंवा त्याची केबल.
• फक्त एकच गेम बंद पडतो, बाकी सगळं नीट : बहुधा त्या गेमच्या फाइल्स किंवा ड्रायव्हर.
• सुरुवातीला वेगवान, दहा-पंधरा मिनिटांनी मंद : तापमान. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली का, हेही बघा. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

इथे दोन गोष्टींची सावधगिरी हवी. एक, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते आणि लोक तिलाच दोष समजून तिच्या मागे लागतात. ती फक्त एवढंच सांगते की आधीच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. का, ते सांगत नाही. दोन, तापमानाचा आकडा मोठा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतले अनेक प्रोसेसर पूर्ण भार असताना ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जातात आणि ते तसेच बनवलेले आहेत.

संगणक पहिल्यांदा सुरूच होत नसेल तर?

नवा जोडलेला संगणक पहिल्या प्रयत्नात सुरू झाला नाही तर भाग खराब असण्यापेक्षा जोडणीत काहीतरी राहिलेलं असण्याची शक्यता जास्त असते. या क्रमाने पाहा :

• पॉवर सप्लायच्या मागचा छोटा स्विच चालू आहे का?
• मदरबोर्डची २४ पिनची केबल आणि प्रोसेसरजवळची वेगळी ८ पिनची केबल, दोन्ही पूर्ण बसल्या आहेत का? दुसरी केबल हमखास राहते. मग पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही.
• मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावली आहे की चुकून मदरबोर्डला?
• चार स्लॉट असतील आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबल्यात का?
• अनेक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहतो, अडचण त्या टप्प्यावर आहे.
• डीडीआर ५ रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळवणी करून घेतो. त्याला काही मिनिटं लागू शकतात. स्क्रीन काळी आहे म्हणून मध्येच बटण दाबू नका.
• जुना मदरबोर्ड आणि नवा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट असल्याशिवाय बोर्ड त्या प्रोसेसरला ओळखत नाही.

एवढं करूनही संगणक सुरू झाला नाही तर सगळं काढा. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि पॉवर सप्लाय एवढ्यावरच सुरू करून पाहा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावा. सुरू झाला की एकेक भाग वाढवत जा. ज्या भागाने काम अडलं, तिथे थांबा.

मोठ्या कंपन्यांच्या भागातही दोष असतो का?

असतो, आणि तो ओळखायला जगभरातल्या जाणकारांनाही महिने लागतात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण हे त्याचं ठळक उदाहरण. गेम सुरू होताना बंद पडायचा आणि संदेश यायचा व्हिडीओ मेमरी कमी असल्याचा. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डलाच दोष दिला, ड्रायव्हर बदलले, कार्डं परत केली. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियाने अशा ग्राहकांना इंटेलशी संपर्क करायला सांगितलं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र आधीच झालेलं नुकसान त्या अपडेटने भरून येत नाही. तुमच्याकडे या पिढीतला वरच्या श्रेणीचा प्रोसेसर असेल आणि बायोस २०२४च्या मध्यापूर्वीचा असेल, तर आधी तो अपडेट करा.

दुसरं उदाहरण आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच त्याचा १६ पिनचा पॉवर कनेक्टर वितळल्याचे फोटो येऊ लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने जगभरात सुमारे ५० तक्रारी असल्याचं सांगितलं आणि कनेक्टर पूर्ण आत बसलेला नसणं हे समान कारण असल्याचं म्हटलं. पुढे या कनेक्टरची रचनाही सुधारण्यात आली. घरी जोडणाऱ्याने यातून एवढं घ्यावं : जास्त वीज वाहणारा कनेक्टर फट न राहता शेवटपर्यंत बसलाय का, ते टॉर्च लावून पाहा.

कडावच्या घरात दोष होता कुठे?

दुकानात चालतो, घरी बंद पडतो. मग दुकान आणि घर यांत वेगळं काय? संगणक तोच, गेम तोच. वेगळी होती फक्त भिंतीतली वीज. हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

भावाने वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली : तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होतं. तीन आठवड्यांत ११ नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ संध्याकाळी साडेसहा ते साडेसातमधल्या. ‘दादा, हा संगणक घड्याळ बघून बंद पडतो का रे?’ असं तो म्हणाला, तेव्हा आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, ‘सातच्या सुमाराला मी मोटर लावते.’

टाकीत पाणी चढवणारी एक अश्वशक्तीची मोटर आणि संगणक, दोन्हींना वीज जात होती घराच्या मागच्या बाजूला नेलेल्या एकाच जुन्या वायरमधून. आम्ही गेम चालू ठेवून मोटर लावली. संगणक बंद. तीनदा केलं, तीनदा बंद. मग संगणक पुढच्या खोलीत, वेगळ्या वायरवरच्या बोर्डाला लावला आणि पुन्हा तीनदा मोटर लावली. काहीच झालं नाही. अडीच महिन्यांचं कोडं अर्ध्या तासात सुटलं.

मोटर लावल्यावर नेमकं काय होतं?

मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. आमची वायर १ चौरस मिलिमीटर जाडीची आणि मेन बोर्डपासून सुमारे २५ मीटर लांब. जाणारी आणि येणारी मिळून ५० मीटर. एवढ्या तांब्याच्या वायरचा रोध साधारण ०.९ ओहम भरतो. मोटरने क्षणभर ३५ अँपिअर ओढले, तर ३५ गुणिले ०.९ म्हणजे ३१ व्होल्टच्या वर वायरमध्येच खर्च होतात. खोलीतल्या बोर्डावर आधीच २१० व्होल्टच्या आसपास वीज होती. म्हणजे त्या क्षणी संगणकाला १८० व्होल्टपेक्षाही कमी मिळत होते.

तरीही गेम नसताना संगणक बंद का पडत नव्हता? कारण पॉवर सप्लायवर तेव्हा भार कमी असतो आणि कमी व्होल्टेजवरही तो कसाबसा निभावून नेतो. गेम किंवा रेंडर चालू असताना ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून भरपूर वीज मागतात. अशा वेळी इनपुट घसरलं की पॉवर सप्लायला १२ व्होल्टचं आउटपुट टिकवता येत नाही. मग मदरबोर्डला दिला जाणारा ‘वीज ठीक आहे’ हा सिग्नल तो काढून घेतो आणि संगणक रीस्टार्ट होतो.

उत्तर तर पॉवर सप्लायच्या बाजूच्या स्टिकरवरच छापलेलं होतं : इनपुट २०० ते २४० व्होल्ट. बाजारात १०० ते २४० व्होल्टवर चालणारे पॉवर सप्लायही मिळतात, आणि १८० व्होल्टला त्यांना काही होत नाही. खरेदीआधी आम्ही ग्राफिक्स कार्डाचे पंचवीस-तीस व्हिडीओ पाहिले असतील. पॉवर सप्लायचे फक्त वॅट पाहिले.

खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीचं १९२२ साली. आमच्या भागात वीज शंभर वर्षांपासून तयार होते आहे. पण मीटरपासून खोलीपर्यंतची शेवटची २५ मीटर वायर ही घरमालकाचीच जबाबदारी असते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही.

वीज तपासताना काय बघावं?

• संगणकासाठी मेन बोर्डपासून वेगळी वायर घ्या. पंप, गिझर, एसी आणि फ्रिज त्या वायरवर नकोत. आमच्या वायरमन काकांनी मोटरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर टाकली आणि न्यूट्रलचा सैल झालेला जोडही बदलला.
• कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरची गळती जमिनीत न जाता पत्र्यावर राहते, म्हणून हे होतं. प्रवाह अगदी कमी असला तरी दुर्लक्ष करू नका. तिसरी पिन काढून टाकणं हा तर धोकाच.
• यूपीएस घेताना वॅट बघा, नुसते व्हीए नव्हे. स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताना शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, आणि काही पॉवर सप्लायना ते चालत नाही.
• मल्टिमीटरने सॉकेट तपासायची सवय नसेल तर ते काम वायरमनलाच करू द्या. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहतं.
• सह्याद्रीच्या पायथ्याशी मे महिन्यातल्या वळवापासून परतीच्या पावसापर्यंत विजा कडकडतात. अशा वेळी स्विच बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढा आणि इंटरनेटची तांब्याची केबलही काढा.
• पुरवठ्याचंच व्होल्टेज सतत कमी असेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

भाग खरंच खराब निघाला तर?

प्रत्येक भागाचं बिल वेगळं जपून ठेवा आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. खोकी वर्षभर तरी फेकू नका. पार्सल उघडतानाचा व्हिडीओ काढा. परदेशातून आणलेल्या किंवा ‘इम्पोर्टेड’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या भागांना भारतात वॉरंटी आहे का, ते पैसे देण्याआधी विचारा.

विक्रेता किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे भाग मुंबईत किंवा बंगळूरुच्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला असला, तरी कडावच्या ग्राहकाला रायगड जिल्हा आयोगाकडे, अलिबागला जाता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तिथेही तारीखवार लिहिलेली वहीच कामाला येते.

थोडक्यात काय करावं?

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलली ती तारखेसह लिहा. दोष हवा तेव्हा घडवून आणता येतो का ते पाहा, कारण घडवता येतो तोच दोष सुटला की नाही हे तपासता येतं. आणि संगणक एका जागी चालत असेल, दुसऱ्या जागी चालत नसेल, तर भाग बदलण्याआधी त्या दोन जागांमधला फरक शोधा.

आमच्याकडे नवी वायर टाकायला एक दिवस लागला. पॉवर सप्लाय आम्ही पुढच्या महिन्यात बदलला. त्यानंतर वहीत एकही नवी नोंद झालेली नाही. आई अजूनही सातलाच मोटर लावते. फक्त आता लावण्याआधी ती आत हाक मारत नाही.